फ्लॅश मारा, पण हिशेबानं!

आपल्या नागपुरात फोटोग्राफरला एक गोष्ट अगदी फुकट मिळते, ती म्हणजे ऊन! रविवारी सकाळी फुटाळ्यावर जा, अंबाझरीच्या पाळीवर जा, गळ्यात जुना फिल्म कॅमेरा अडकवलेला एखादा तरी यंगस्टर हमखास दिसतो. काकांच्या कपाटातून निघालेला झेनिट, कुणाचा याशिका, कुणाचा निकॉन एफएम १०. आठवडाभर लॅपटॉपसमोर मान मोडून काम केल्यावर ३६ फ्रेम्सचा रोल, हाताने फिरवायची फोकस रिंग आणि शटरचा तो खणखणीत 'खटॅक' आवाज... मजा येते राव! आणि उन्हात हे सगळं सोपंही असतं. मीटरची सुई मधोमध आणली की काम फत्ते.

गडबड होते ती संध्याकाळी. कारण आपली खरी लाइफ तर सूर्य बुडाल्यावरच सुरू होते ना! लग्नं लॉनवर, रिसेप्शन रात्री, गरबा रात्री, मित्रांचे वाढदिवस रात्री बाराला. तिथे कॅमेऱ्यातली सुई जी खाली पडते, ती उठायचं नाव घेत नाही. मग फिल्मवाले वीर काय करतात? कॅमेरा गुपचूप बॅगेत आणि खिशातून फोन बाहेर.

माझं म्हणणं एवढंच आहे, की बॅगेची चेन लावायच्या आधी एकदा एक्स्टर्नल फ्लॅश वापरून बघा. लोक त्याला उगाच घाबरतात. मॅन्युअल कॅमेऱ्यावरचा फ्लॅश म्हणजे चौथीतला भागाकार आहे. जमला की जमला!

मी हे शिकले त्याला एक कारण होतं. आमच्या आजीचं सहस्रचंद्रदर्शन. मागच्या हिवाळ्यात महालातल्या आमच्या जुन्या घरी मोठ्या बाबांनी हा घाट घातला, तेव्हा घरातले सगळे जुने अल्बम बाहेर निघाले. मध्ये ट्रेसिंग पेपर असलेले, जाड काळ्या पानांचे. मी ते पाहत बसले आणि एक विचित्र गोष्ट लक्षात आली. आत्याचं लग्न, काकांचं लग्न, माझ्या बाबांची मुंज, एकूण एक ग्रुप फोटोत आजी आहे, पण दिसत नाही! पुढच्या ओळीतली माणसं पीठ फासल्यासारखी पांढरी आणि मागच्या ओळीत, टोकाला, एक काळपट सावली. नाकातल्या नथीचा एक ठिपका चमकतो, त्यावरून ओळखायचं, की ही आजी.

"तू नेहमी मागं काहून उभी राहायची गं?" मी विचारलं.

"स्वयंपाकघरातून येईपावेतो पुढच्या जागा भरून जायच्या ना," ती म्हणाली. "माझा एक फोटो धड नाही पाय. जाऊ दे, आता काय करायचं हाय?"

जाऊ कसं देणार?

आता या अल्बममध्ये कुणाचाही आकस नव्हता हं. आजीला अंधारात ढकललं ते फिजिक्सनं. फ्लॅशचा उजेड अंतर दुप्पट झालं की निम्मा होत नाही, चौथाई होतो. शाळेत आपण हा व्यस्त वर्गाचा नियम पाठ करून परीक्षेनंतर विसरलो. समजा फोटोग्राफर पुढच्या ओळीपासून दोन मीटरवर आहे आणि मागची ओळ तीन मीटरवर. मागच्यांना पुढच्यांच्या निम्म्याहूनही कमी उजेड मिळतो. हॉल छोटा, घाई मोठी, फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर आणि तोंड सरळ समोर. मग मागे उभी राहणारी माणसं काळीच येणार. आणि आपल्याकडे मागे कोण उभं राहायचं, हे वेगळं सांगायला नको.

फंडा नंबर एक: फ्लॅश मीटरला दिसत नाही

तर आधी कॅमेरा. माझा पेंटॅक्स के १०००. हे मॉडेल १९७६ साली आलं आणि १९९७ पर्यंत बनत राहिलं. यात ऑटो असं काहीही नाही. फ्लॅश सीताबर्डीतल्या एका जुन्या दुकानातून घेतलेला सेकंडहँड. दुकानदार काकांनी आधी सेलची खाच उघडून दाखवली. "मॅडम, पयले इथं हिरवं साचलेलं हाय का ते पायत जा. सेल सडला असंन तर फ्लॅश घ्यायचाच नाही." लाखमोलाचा सल्ला!

फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या हॉट शूमध्ये सरकवला, की लोक पहिलं काय करतात? मीटरची सुई बघतात. ती बघून काही उपयोग नाही. सुई खोलीतला उजेड मोजते आणि फ्लॅश अजून उडालेलाच नसतो. तो उडतो तेव्हा साधारण एक हजारांश सेकंदात सगळा खेळ खलास. म्हणूनच शटर किती वेळ उघडं राहिलं यानं फ्लॅशच्या उजेडात फरक पडत नाही. १/६० ठेवा नाही तर १/८, फ्लॅश तेवढाच. त्याच्यावर लगाम ठेवतं ते अ‍ॅपर्चर, म्हणजे एफ नंबर.

शटरची एक अट मात्र पाळावीच लागते. या कॅमेऱ्यांत फिल्मसमोरून दोन पडदे एकामागून एक सरकतात. स्पीड फार जास्त ठेवला, तर पहिला पडदा पुरता सरकायच्या आतच दुसरा निघतो आणि फिल्मसमोर नुसती एक फट फिरते. त्या वेळी फ्लॅश उडाला तर अर्धा फोटो उजळ आणि अर्ध्यावर काळा पट्टा. पूर्ण फ्रेम उघडी असते असा सगळ्यात जास्त स्पीड म्हणजे सिंक स्पीड. झेनिट ई-चा १/३०, के १०००चा १/६०, एफएम १०चा १/१२५ आणि निकॉन एफएम २च्या नंतरच्या मॉडेलचा १/२५०. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या डायलवर हा आकडा वेगळ्या रंगात असतो, नाही तर शेजारी 'एक्स' लिहिलेलं असतं. त्याच्या खाली कितीही जा, वर जायचं नाही.

आजोबांचा दोन भिंगांचा याशिका-मॅट वगैरे हाती लागला असेल, तर त्यावर एम आणि एक्स अशी एक छोटी खिट्टी दिसेल. एम म्हणजे जुन्या फ्लॅशबल्बसाठी. ते बल्ब पेटायला वेळ घ्यायचे, म्हणून कॅमेरा शटर किंचित उशिरा उघडायचा. आपली होमाई व्यारावाला स्पीड ग्राफिकसारखा अवजड कॅमेरा घेऊन दिल्लीत फिरायची, तो काळ. एक बल्ब, एक फोटो, की बल्ब फेकून द्यायचा. पुन्हापुन्हा उडणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅश आला तो हॅरॉल्ड एजर्टन या अमेरिकन इंजिनीअरनं १९३१च्या सुमारास एमआयटीत केलेल्या कामातून. तर ती खिट्टी एमवर राहिली आणि तुम्ही आजचा फ्लॅश लावला, तर फ्लॅश आधी उडून जातो आणि शटर मागाहून उघडतं. अख्खा रोल कोरा! खिट्टी एक्सवर, बास.

चौथीतला भागाकार

आता तो भागाकार. प्रत्येक फ्लॅशचा एक गाइड नंबर असतो, जीएन. माझ्या फ्लॅशचा २८, म्हणजे आयएसओ १००च्या रोलवर, मीटरमध्ये. याला अंतरानं भागा, एफ नंबर हातात! माणूस साडेतीन मीटरवर? २८ भागिले ३.५, एफ ८. पाच मीटरवर? एफ ५.६. सात मीटरवर? एफ ४. आणि अंतर कसं कळणार, तर आधी फोकस करायचा आणि लेन्सच्या रिंगवर लिहिलेला आकडा वाचायचा. जुन्या लेन्सची ही खरी चैन आहे, टेप तिथेच छापलेली असते. रोल आयएसओ ४०० असेल तर जीएन दुप्पट, ५६.

फ्लॅशच्या पाठीवर याचाच तक्ता किंवा फिरती चकती असते. शिवाय बऱ्याच फ्लॅशवर 'ऑटो' असतं. त्यात फ्लॅशच्या छातीवरचा छोटा सेन्सर समोरून परतणारा उजेड मोजतो आणि पुरे झालं की स्वतःच फ्लॅश तोडतो. तुम्ही फक्त तो सांगेल ते अ‍ॅपर्चर लावायचं. धावपळीच्या रिसेप्शनला हे झक्कास चालतं. पण पांढरं धोतर नेसलेले गुरुजी आणि काळ्या शेरवानीतला नवरदेव एकाच फ्रेममध्ये आले, की सेन्सरचंही डोकं फिरतं. मला विचाराल तर भागाकारच बरा. अंतर खोटं बोलत नाही.

आजीच्या ग्रुप फोटोचं गणित मी याच भागाकारानं सोडवलं. मागच्या ओळीला उजेड हवा, तर फ्लॅशची ताकद वाढवून भागत नाही, पुढची ओळ आणखी पांढरी होते. मागे सरकायचं! दोन आणि तीन मीटरऐवजी पाच आणि सहा मीटर झाले, की दोन ओळींतला उजेडाचा फरक अर्ध्या स्टॉपवर येतो. डोळ्यांना तो जाणवतही नाही. घरातल्या चौकात मी भिंतीला पाठ टेकेपर्यंत मागे गेले. ५६ भागिले ५, म्हणजे एफ ११. आणि हो, आजीला या वेळी पुढच्या ओळीत मधोमध खुर्ची दिली होती. पण ती खुर्चीत बसून दर मिनिटाला मागे वळून "या ना गं समद्या, पुढं या," म्हणत राहिली, ते वेगळं!

एक्क्याऐंशी दिवे आणि एक चादर

खरी परीक्षा संध्याकाळच्या औक्षणाची होती. एक्क्याऐंशी दिव्यांचं मोठं ताट, घरातल्या सगळ्या सवाष्णी आणि माजघर. ते माजघर म्हणजे दिवसासुद्धा लाइट लावावा लागतो असं. वर सागवानी तुळया, काळ्याभोर. भिंतींना पोपटी ऑइलपेंट. हा क्षण पुन्हा येणारा नाही, गुरुजी थांबणारे नाहीत आणि "आजी, एकदा परत ओवाळून घे ना," म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

सरळ समोरून फ्लॅश मारला असता, तर चेहरे दिसले असते, पण दिव्यांचा सगळा सोनेरी उजेड मेला असता. एक्क्याऐंशी दिवे आणि फोटोत वाटावं, की ट्यूबलाइट लावलीय! लोक सांगतात, बाउन्स कर, फ्लॅशचं तोंड छताकडे कर. छत पांढरं आणि बुटकं असेल तर भन्नाट आयडिया. फ्लॅटमध्ये तुम्ही डोळे मिटून करा. सागवानी छत मात्र तो उजेड गिळून टाकतं, परत काही देत नाही. आणि पोपटी भिंतीवर मारला तर परतणारा उजेडही पोपटी. आजी हिरवी!

म्हणून मोठ्या आईकडून एक पांढरी स्वच्छ चादर मागून घेतली आणि बाजूच्या भिंतीवरच्या खुंट्यांना दुपारीच बांधून टाकली. पाहुण्यांना वाटलं, डोहाळजेवणाची सजावट उरलीय की काय! फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढला, सिंक कॉर्डनं जोडला आणि चुलतभावाच्या हातात दिला. त्याला एकच काम, फ्लॅशचं तोंड चादरीकडे. के १०००ला कॉर्ड लावायची खाच आहे. एफएम १०ला ती नाही, तिथे हॉट शूवर बसणारा छोटा अ‍ॅडॉप्टर घ्यावा लागतो.

आता हिशेब बघा. फ्लॅशपासून चादर दीड मीटर, चादरीपासून आजी दोन मीटर. उजेडाचा एकूण प्रवास साडेतीन मीटर. रोल ४००चा, म्हणजे ५६ भागिले ३.५, एफ १६. कापडावर आपटून उजेड विखुरतो, त्याचे दोन स्टॉप वजा, एफ ८. पण मला दिव्यांचा उजेड जास्तीत जास्त आत घ्यायचा होता, म्हणून एफ ४ हवा होता. मग फ्लॅशची ताकद पूर्णवरून पाव केली. पाव म्हणजे बरोबर दोन स्टॉप. जमलं! आणि शटर? शटरचा फ्लॅशशी संबंध नाही, पण दिव्यांशी आहे. ते १/८वर ठेवलं आणि कॅमेरा ट्रायपॉडवर. या १/८ सेकंदात दिवे आपला पिवळा उजेड सावकाश फिल्मवर सोडतात आणि त्यातल्याच एका क्षणी फ्लॅश चेहरे पक्के करून टाकतो. फ्लॅशचा रंग उन्हासारखा पांढरा, दिव्यांचा तांबूस. कलर रोलवर हे दोन्ही शेजारी शेजारी उतरतात, तेव्हा जे दिसतं ते फोनवाल्या फिल्टरला जन्मात जमणार नाही.

आधी एक दिवस चुलतबहिणीला आजीच्या पाटावर बसवून, हातात साधं ताट देऊन चार फ्रेम्स खर्च केल्या होत्या. एफ ४, एफ ५.६, फ्लॅश पाव, फ्लॅश निम्मा. वहीत नोंदी. अशा कामात रंगीत तालीम करायला लाजू नका, डोंबाऱ्यालासुद्धा दोर आधी ताणून बघावा लागतो.

औक्षणाच्या दहा-बारा मिनिटांत मी नऊ फ्रेम्स काढल्या. जास्त काढताच येत नाहीत. पूर्ण ताकदीनं उडवलेल्या फ्लॅशला पुन्हा भरायला माझ्याकडे आठ-दहा सेकंद लागतात. आतून ती 'पीईई' शिट्टी वाजते, मग लाल दिवा लागतो. पाव ताकदीवर लवकर भरतो, साध्या सेलपेक्षा रिचार्जेबल सेलवर त्याहून लवकर. दिवा लागायच्या आत दाबलं तर निम्माच उजेड पडतो. त्यामुळे थांबायचं, बघायचं. मला वाटतं फिल्मचा निम्मा आनंद या थांबण्यात आहे. त्या थांबण्यातच मला दिसलं, की आजी ताटाकडे बघतच नाहीये, ओवाळणाऱ्या प्रत्येकीच्या चेहऱ्याकडे बघतेय आणि ओठांनी काहीतरी पुटपुटतेय. दिवा लागला, दाबलं.

रोल कुरिअरनं धुवायला बाहेरगावी पाठवला. आला तेव्हा त्या नऊपैकी दोन फ्रेम्स हलल्या होत्या. १/८ला माणूस जरा झुकला तरी कडेला भूत उमटतं, हे धरूनच चालायचं. एकात आत्यानं डोळे मिटलेले. पण सहा फोटो असे आलेत, की काय सांगू! मोठी कॉपी काढून आजीला दिली. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिला आता बरं दिसतं. तिनं फोटो लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाली, "एवढ्या सुरकुत्या कवा आल्या व?" मग फोटो स्वतःच्याच कपाटात, पातळांच्या घडीखाली ठेवून दिला. मोठ्या बाबांनी फ्रेम करायला मागितला तर म्हणाली, "दुसरा काढून घ्या."

भर उन्हात फ्लॅश? हौ ना!

फ्लॅश फक्त अंधारातच लागतो असं कुणी सांगितलं? नागपुरी ऊन डोक्यावर आलं, की डोळ्यांच्या खोबणीत काळे खड्डे पडतात. टोपी असेल तर विचारूच नका. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन नटूनथटून निघालेली पोट्टी आठवा. फेटा मस्त, मिशी मस्त आणि चेहरा काळोखात. तिथे फ्लॅशनं थोडा उजेड भरायचा. पण मॅन्युअल कॅमेऱ्यावर याला मर्यादा आहे. १००च्या रोलवर कडक उन्हाचं एक्स्पोजर एफ १६ला १/१२५. के १०००चा सिंक १/६०, म्हणजे एफ २२ लावणं आलं. २८ भागिले २२, सव्वा मीटर! नुसता भरणीचा, एक स्टॉप कमी उजेड हवा, तरी पावणेदोन मीटरच्या पलीकडे फ्लॅश पोचतच नाही. ४००चा रोल असला तर विसराच, तेवढं बारीक अ‍ॅपर्चर आपल्या लेन्सला नसतं. एफएम २ला १/२५० मिळतो, म्हणून एफ ११वर भागतं आणि फ्लॅश अडीच मीटरपर्यंत चालतो. जुन्या बाजारात त्याची किंमत चढी का असते, याचं एक कारण हे.

त्याच दिवशी इकडे महाल-इतवारीत काळ्या-पिवळ्या मारबतीची मिरवणूक असते. पावणेदोन मीटर तिथे भरपूर झाले, कारण त्या गर्दीत त्याहून लांब उभं राहायला जागाच मिळत नाही! १००चा रोल आणि एफ २२. फोकस दीड मीटरला बांधून ठेवायचा आणि नुसतं चालत राहायचं. बडग्यासमोर नाचणारा पोट्टा उजळ आणि मागे रस्ता, धूळ, गुलाल जसाच्या तसा.

खरेदीला निघालात तर घाई करू नका. आधी सेल घालून फ्लॅश चार वेळा उडवून बघा, लाल दिवा अर्ध्या मिनिटात लागायला हवा. मान वर-खाली होणारा आणि ताकद कमी-जास्त करता येणारा घ्या. ब्रँडपेक्षा या दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक मात्र लक्षात ठेवा. काही जुन्या फ्लॅशच्या पायात दोनशे-तीनशे व्होल्टपर्यंत झटका असतो. जुन्या मॅन्युअल कॅमेऱ्याला त्याचं काही वाटत नाही, पण तोच फ्लॅश गंमत म्हणून मित्राच्या डिजिटल कॅमेऱ्यावर चढवलात, तर कॅमेराही जाईल आणि मित्रही.

आणि मे महिन्यात रोल, फ्लॅश काहीही गाडीच्या डिकीत सोडू नका. कोडॅकचा प्रोइमेज १०० हा गरम हवेतही फ्रिजशिवाय राहावा म्हणून काढलेला रोल आहे, पण उन्हात उभी गाडी म्हणजे भट्टीच. उन्हाळ्यात वापर नसेल तर फ्लॅशमधले सेल काढून ठेवा आणि महिन्यातून एकदा परत घालून पाच-सहा वेळा उडवा, नाही तर आतला कपॅसिटर आळसावतो. आमच्याकडे हे काम चुलतभावाच्या मुलाकडे दिलंय. तो पहिल्या तारखेला बरोबर हजर होतो आणि पाचाऐवजी पंचवीस वेळा उडवून जातो.